घोंगडी ते मेरिनो: बर्फात अंगालगत काय घालायचं?



नोव्हेंबर संपत आला की इथे अमिरातीत आपल्या घराघरात एकच बेत शिजायला लागतो. राष्ट्रीय दिनाची सुट्टी, पाठोपाठ शाळांची हिवाळी सुट्टी, आणि साडेतीन-एक तासांत तिबिलिसीला उतरवणारं विमान. कुणी गुदौरीला निघतं, कुणी अल्माटीजवळच्या शिम्बुलाकला, तर कुणी भारतात जाऊन गुलमर्ग गाठतं. मुलांना स्कीइंग शिकायचं असतं. तिकिटं निघतात, हॉटेल ठरतं, आणि मग खेळाच्या दुकानातल्या एका रॅकसमोर आई-बाबा थबकतात. तिथे अंगालगत घालायचे पातळ, लांब बाह्यांचे सदरे आणि विजारी टांगलेल्या असतात. आपण त्यांना सरसकट ‘थर्मल’ म्हणतो, दुकानदार ‘बेस लेयर’ म्हणतो. एक साधा पॉलिएस्टरचा. शेजारी जवळजवळ तसाच दिसणारा मेरिनो लोकरीचा, किंमत कितीतरी पट. दोन्हींच्या चिठ्ठीवर मजकूर एकच: घाम ओढून घेतो, अंग कोरडं ठेवतो. चार माणसांचं कुटुंब म्हणजे आठ कपडे. बाबा मनातल्या मनात दिरहमचा गुणाकार करतात आणि आई म्हणते, “अहो, घरी सुती बनियन आहेत ना, त्यावर स्वेटर घालू.”

आज आपण या आठ कपड्यांबद्दल बोलू. त्यामागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे, आणि ती ऐकली की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आपोआप कळतं.

सुरुवात आईच्या सुती बनियनपासून करू, कारण तिचं म्हणणं वेडेपणाचं नाही. ‘सुती अंगाला बरं’ हे आपण पाळण्यापासून ऐकत आलो. मलमलीचं झबलं, आजीचं नऊवारी सुती लुगडं, आजोबांची बंडी, सोलापुरी चादर. ही सगळी शहाणपणाची निवड होती, पण ती उष्ण देशात झालेली निवड होती. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. तो घाम हळूहळू वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि आपल्याला गार वाटतं. इथल्या अरबांचा सैल पांढरा सुती कंदुरा याच हिशेबावर उभा आहे.

आता तोच हिशेब बर्फात मांडा. पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. भिजलेलं सुती बनियन पाठीला चिकटलं, की मैदानात जे सुख होतं तेच डोंगरावर संकट होतं. कपड्याचा गुण तोच, फक्त हवा बदलली. यासाठी उणे तापमानही लागत नाही. पावसाळ्यात राजगडाला किंवा हरिश्चंद्रगडाला गेलेल्यांना आठवत असेल: चढताना अंगातून वाफा निघतात, माथ्यावर वारा सुटतो, आणि ऐन जुलैत सुती टी-शर्टात दात वाजायला लागतात.

पण त्याच सह्याद्रीत, त्याच पावसात, एक माणूस निवांत उभा असतो. तो म्हणजे खांद्यावर घोंगडी घेतलेला धनगर.

घोंगडीकडे आपण आता वारीतली किंवा दिवाणखान्यातली शोभेची वस्तू म्हणून बघतो. खरं तर ते डोंगरात काम करणाऱ्या माणसाचं हत्यार आहे. दख्खनी मेंढीची जाड, बहुधा काळी लोकर. कातरायची, पिंजायची, हातानं सूत काढायचं, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायचं. सनगर आणि धनगर घरांनी हे पिढ्यानपिढ्या केलं. सांगली, सातारा, सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातली ही मेंढरं आणि त्यांचे मालक चाऱ्यासाठी मैलोन्‌मैल चालतात, आणि वाटेत पाऊस, थंडी, वारा सगळं घोंगडीवर घेतात. तिची खोळ करून डोक्यावरून सोडली की पावसाचं पाणी वरून ओघळतं. आणि भिजली तरी घोंगडी ऊब सोडत नाही.

का सोडत नाही? लोकरीचा तंतू सरळ नसतो, नागमोडी असतो. त्या वळणावळणात हवा अडकून बसते आणि तंतू ओला झाला तरी ती पूर्ण निघून जात नाही. दुसरं म्हणजे लोकर ओलावा तंतूच्या पोटात घेते, पृष्ठभागावर साचू देत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के इतका दमटपणा ती पोटात घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय हा ओलावा शोषताना तिच्यातून थोडी उष्णता बाहेर पडते. म्हणजे मेरिनोच्या डब्यावर आज जे छापलेलं असतं, ते ज्ञान आपल्या माणदेशातल्या मेंढपाळाला न छापता ठाऊक होतं.

मग घोंगडीचाच सदरा शिवून बर्फात का जाऊ नये? कारण ती टोचते. तंतूची जाडी साधारण ३० मायक्रॉनच्या वर गेली की त्याचं टोक कातडीला बोचतं. दख्खनी लोकर त्याहून जाड, म्हणून घोंगडी नेहमी कपड्यांच्या वर, अंगालगत कधीच नाही. मेरिनो मेंढीचा तंतू मात्र २० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतो. तो टोचत नाही, वाकतो. मेरिनोसाठी तुम्ही जे जास्तीचे दिरहम मोजता, त्यातला मोठा भाग या बारीकपणाचा आहे. ऊब तर जाड लोकरही देते. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता जरा युरोपात जाऊ, कारण अंगालगतचा कपडा ‘शास्त्रीय’ म्हणून विकायला पहिल्यांदा तिथे सुरुवात झाली. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये गुस्ताव येगर नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचं ठाम मत असं की माणसानं प्राण्याच्या केसांचेच कपडे घालावेत. झाडाच्या धाग्यात, म्हणजे सूत आणि तागात, शरीरातली विषारी द्रव्यं साठून राहतात आणि माणूस आजारी पडतो. १८८४ मध्ये ल्युइस टॉमलिन या त्यांच्या भक्तानं लंडनमध्ये त्यांच्याच नावानं लोकरी कपड्यांचं दुकान काढलं. ते झपाट्यानं चाललं. जॉर्ज बर्नार्ड शॉ अंगभर येगरचा लोकरी सूट घालून लंडनभर हिंडत. विषारी द्रव्यांची कल्पना साफ चुकीची होती, पण थंड देशात घाम फुटणाऱ्या माणसाला लोकर बरी, हा व्यवहार बरोबर निघाला. चुकीच्या कारणासाठी बरोबर कपडा! पुढे ध्रुवावर जाणाऱ्या मोहिमांनीही येगरची लोकर नेली. जाहिरातीतलं शास्त्र आणि कपड्याचा गुण या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे १८८४ पासून आजपर्यंत बदललेलं नाही.

ध्रुवाचा विषय निघालाच आहे तर घामाबद्दल थोडं. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याआधी १९०३ ते १९०५ या काळात उत्तर कॅनडात बर्फात अडकलेल्या जहाजावर राहून त्यानं नेत्सिलिक इन्युइट लोकांकडून कपडे कसे घालायचे ते शिकून घेतलं होतं. त्यांचे कातडी कपडे सैल असत, आत हवा खेळे. थंडीत खरा शत्रू घाम आहे, तो येऊच द्यायचा नाही, ही त्यांची रीत. ब्रिटनचा स्कॉट महिनाभरानं पोचला. त्याची माणसं शेवटच्या टप्प्यात स्लेज स्वतः ओढत होती, म्हणजे घामाघूम होत होती, आणि अंगावर लोकर आणि घट्ट विणीचं गॅबर्डिन. त्यांचा अंत झाला त्याला बरीच कारणं आहेत, सगळा दोष कपड्यांवर टाकणं अन्याय होईल. पण घाम कपड्यात गोठतो आणि कपडे पत्र्यासारखे होतात, हे त्या काळच्या ध्रुवप्रवाशांचं रोजचं दुखणं होतं.

१९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचं उदाहरण मला फार आवडतं. ‘ट्वीडचा कोट घालून एव्हरेस्टला निघाले’ अशी त्याची आणि अर्विनची वर्षानुवर्षं थट्टा झाली. १ मे १९९९ ला त्याचा देह सापडला आणि अंगावरच्या कपड्यांचे अवशेष अभ्यासकांच्या हाती आले. पाहतात तो रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ पातळ थर, एकावर एक. त्याबरहुकूम कपडे नव्यानं तयार केले गेले आणि २००६ मध्ये ग्रॅहॅम हॉयलंड यांनी एव्हरेस्टच्या पायथ्याशी ते घालून पाहिले. ते हलके, उबदार आणि हालचालीला मोकळे निघाले. रात्र काढावी लागली तर ते पुरले नसते, पण चांगल्या हवेत चढाईला पुरेसे होते. थर करून घालण्याची युक्ती आजच्या कंपन्यांनी शोधलेली नाही, एवढं त्यातून दिसतं.

नॉर्वेच्या सैन्यातला हेन्रिक ब्रुन १९३३ च्या सुमारास आणखी गमतीच्या वाटेनं गेला. त्यानं मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचं बनियन केलं. भोकांचं बनियन! हसू येतं, पण विचार करा. भोकात हवा साठते, ती ऊब धरते आणि घामाची वाफ अडकत नाही. हिलरी आणि तेनझिंग ज्या १९५३ च्या मोहिमेत एव्हरेस्टवर पोचले तिच्या सामानातही जाळीची बनियनं होती. आपले आजोबा उन्हाळ्यात जे भोकाभोकाचं बनियन घालायचे, त्याचाच हा नॉर्वेतला चुलतभाऊ.

इथपर्यंतची सगळी कथा मेंढी, रेशमाचा किडा आणि कापूस यांची. १९५४ मध्ये इटलीत जुलियो नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक घडवलं आणि पुढे १९६३ मध्ये कार्ल त्सीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. हे प्लास्टिक पाणी पीतच नाही. त्याचे जहाजाचे दोर केले तर ते पाण्यावर तरंगतात. नॉर्वेची हेली हान्सन ही खलाशांसाठी कपडे करणारी जुनी कंपनी. तिनं १९७० च्या दशकात या धाग्याचे आतले कपडे काढले. अमेरिकेत गिर्यारोहक इव्हॉन श्वीनार्ड यांच्या पॅटागोनिया कंपनीनं १९८० मध्ये तेच केलं. कंपनी स्वतःच सांगते की हा धागा त्याआधी कापड म्हणून कुठे वापरात होता, तर बाळांच्या फेकून द्यायच्या लंगोटांच्या अस्तरात. बाळाची कातडी कोरडी राहावी म्हणून. आहे की नाही गंमत? आपण हजारो रुपये देऊन अंगात घालतो त्या तंत्राचं पहिलं गिऱ्हाईक डायपरमधलं बाळ.

पण त्या कपड्यात दोन खोड्या होत्या. एक, घामाचा वास बसला की धुऊनही जाईना. दुसरी, ते कमी तापमानाला वितळायचं. धोबीखान्यातल्या मोठ्या, जास्त तापणाऱ्या ड्रायरमध्ये टाकलं की संपलं. श्वीनार्ड यांना १९८४ मध्ये शिकागोच्या खेळसाहित्याच्या प्रदर्शनात फुटबॉलच्या जर्सीचं पॉलिएस्टर दिसलं. प्रक्रिया अशी केलेली, की पाणी धाग्याच्या पृष्ठभागावरून पसरत जावं. १९८५ च्या हंगामात कंपनीनं आपले आतले कपडे त्या कापडात आणले आणि ‘कॅपिलीन’ हे नाव दिलं. आज खेळाच्या प्रत्येक दुकानात जो साधा, स्वस्त पॉलिएस्टरचा सदरा मिळतो, तो याच घराण्यातला.

तो काम कसं करतो हे कळायला निरांजन आठवा. तेल वातीतून वर चढतं ते धाग्यांमधल्या बारीक फटींमुळे. पॉलिएस्टरचा धागा स्वतः फक्त अर्धा टक्का ओलावा घेतो, पण धाग्यांमधल्या फटींतून घाम अंगापासून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. तुम्ही म्हणाल, वात तर कापसाचीच असते, मग सूत का नको? सूतही घाम तितक्याच उत्साहानं ओढतं, पण ओढलेलं सोडत नाही. पॉलिएस्टर हा पोस्टमन आहे आणि सूत म्हणजे साठेबाज.

१९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या आइसब्रेकरसारख्या कंपन्यांनी बारीक मेरिनोची पातळ बनियनं आणली आणि चाक फिरून पुन्हा मेंढीपाशी आलं. मेरिनोचा खरा मोठा गुण म्हणजे वास धरत नाही. एकच सदरा चार दिवस घातला तरी तंबूतला सोबती पळून जात नाही.

आता परत आपल्या अमिरातीत या. इथे बर्फ काही नवा नाही. औद मेथामधलं अल नस्र लेझरलँड १९७९ चं, तिथल्या रिंकवर पडून उठून स्केटिंग शिकलेली आपली मुलं आज स्वतः आई-बाबा झाली आहेत. २००५ मध्ये मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये स्की दुबई सुरू झालं: ४०० मीटरची सर्वांत लांब उतरण आणि दिवसा उणे एक-दोन अंश. २०२३ मध्ये रीम मॉलमध्ये स्नो अबू धाबी आलं, तिथेही उणे दोन. जानेवारी २००९ मध्ये तर रास अल खैमाच्या जबल जैसवर आकाशातून खरा बर्फ पडला होता.

या बंदिस्त जागांसाठी माझं मत स्पष्ट आहे: महाग बेस लेयर घेऊ नका. दोन तास, वारा नाही, पाऊस नाही, जाकीट-पँट तिथेच मिळते आणि थंडी वाजली तर दहा पावलांवर गरम कॉफी. मुलांच्या शाळेचा खेळाचा पॉलिएस्टर टी-शर्ट आत घाला, वर एक पातळ फ्लीस. भागतं. उलट घरूनच जाड थर्मल चढवून निघालात तर पार्किंगपासून मॉलच्या टोकापर्यंत चालता चालता घाम येतो आणि तुम्ही बर्फात शिरताना आधीच भिजलेले असता.

जाता जाता एक. ‘घाम ओढणारा’ सदरा ऑगस्टमध्ये कॉर्निशवर फिरतानाही तितकाच गार ठेवील, अशी अपेक्षा ठेवू नका. घाम उडायला कोरडी हवा लागते. शेजारी सौदीतल्या धाहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंशांवर गेल्याची नोंद आहे. अशा हवेत कुठल्याही किमतीच्या कपड्यातून घाम उडत नाही.

गुदौरी किंवा गुलमर्गची गोष्ट मात्र वेगळी. तिथे डोंगर खरा आहे, वारा खरा आहे. आणि नवशिक्याला सराईतापेक्षा जास्त घाम येतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पडायचं, उठायचं, जड बूट ओढत चढ चढायचा. मग घामेजल्या अंगानं उघड्या खुर्चीच्या लिफ्टवर बसून दहा मिनिटं वारा खायचा. थंडी भरते ती तिथे. लहान मुलांना तर फारच लवकर, आणि ती सांगत नाहीत, नुसती चिडचिड करतात किंवा एकदम गप्प होतात. म्हणून तिथे अंगालगत सूत नको. सदरा नको, विजार नको, मोजेही नकोत. जीनच्या आत जीन तर नकोच नको. हा नियम पाळला की किमतीचा प्रश्न निम्मा सुटतो, कारण सुतापासून साध्या पॉलिएस्टरकडे जाताना जो फरक पडतो तो प्रचंड आहे. साध्या पॉलिएस्टरपासून महागड्याकडे जाताना पडणारा फरक त्यामानानं छोटा.

मेरिनो कुणी घ्यावं? जो दरवर्षी जातो, सलग पाच-सहा दिवस स्की करतो, हॉटेलात रोज कपडे धुवायला कंटाळतो, किंवा ज्याला प्लास्टिकच्या कपड्यानं अंगाला खाज सुटते. पुढे नैनिताल-उत्तरकाशीकडे ट्रेकिंगचं वेड असेल तर तोच सदरा तिथेही चालतो, मग पैसे वसूल. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मात्र नको. पुढच्या डिसेंबरला बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या असतात. मुलांना साध्या पॉलिएस्टरच्या दोन-दोन जोड्या घ्या. एक अंगात, एक पिशवीत, आणि दुपारी जेवायच्या वेळी आतला सदरा बदला. दोन कोरडे स्वस्त सदरे एका ओल्या महाग सदऱ्यापेक्षा केव्हाही उबदार. वाचलेल्या पैशांतून चांगले हातमोजे आणि गॉगल आणा. सदरा अंगाला बसेल असा हवा, ढगळ नको. कातडीला टेकलाच नाही तर घाम ओढणार कुठून?

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. तो धाग्यांच्या फटी बुजवतो आणि पॉलिएस्टरची वात विझते. मेरिनो गार पाण्यात, हलक्या हातानं. आणि परत आल्यावर तो तसाच बॅगेत कोंबून माळ्यावर टाकू नका. घामाच्या डागावर कसर चटकन लागते आणि पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला ब्रुनचं जाळीचं बनियन मिळतं, फक्त चारपट किमतीत. धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवा. घोंगडीच्या घडीत आजी कडुनिंबाचा पाला घालायची. शारजात किंवा करामात कुणाच्या दाराशी कडुनिंब असेल, तर चार डहाळ्या सावलीत वाळवून त्या पिशवीत टाकायला हरकत नाही.